रुस्लानोव्हाचे हिरे

लिदिया रुस्लानोव्हा या रशियन लोकगायिकेवर लिहिणारे बहुतेक जण बर्लिनपासून सुरुवात करतात. २ मे १९४५ चा दिवस, जर्मन संसदेची, राइशटागची, अजून धुमसणारी इमारत, पायऱ्यांवर आणि ढिगाऱ्यांवर बसलेले दमलेले रशियन सैनिक, आणि त्यांच्यासमोर खेडवळ वेशात, डोक्याला रुमाल बांधून गाणारी ४४ वर्षांची बाई. त्या दिवसाचं चित्रण उपलब्ध आहे आणि ते बघण्यासारखंच आहे. पण मला या बाईबद्दल खरं कुतूहल वाटू लागलं ते तिच्याकडून जप्त झालेल्या मालाची यादी वाचल्यावर. २०८ हिरे, शिवाय पाचू, नीलम, मोती. १३२ चित्रं, त्यांत शिश्किन, रेपिन, ऐवाझोव्स्की यांच्यासारखी मातब्बर नावं. १०७ किलो चांदीच्या वस्तू. रोख ७ लाख रुबल. गावाकडची गाणी गाणारी बाई, देश समाजवादी, आणि जुन्या दाईच्या स्वयंपाकघरात लपवून ठेवलेली ही दागिन्यांची पेटी!

लोककलावंत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस येतो. फाटका, भोळा, आयुष्यभर लोकांसाठी गाणारा आणि शेवटी सरकारी मानधनाची वाट बघत मरणारा. त्याच्यावर हळहळायला आपल्याला आवडतंही. रुस्लानोव्हा त्या चौकटीत बसत नाही, म्हणून ती मला जास्त आवडते.

तिचा जन्म १९०० चा, साराटोव्ह प्रांतातला, व्होल्गाच्या मुलखातला. जन्मनाव वेगळंच होतं. आई ती लहान असतानाच गेली. त्याच सुमारास रशिया-जपान युद्ध सुरू झालं आणि बापाला भरतीत ओढून नेलं. आपण आयुष्यात ऐकलेलं पहिलं खरं गाणं म्हणजे आजीचा विलाप, असं तिनं पुढं लिहून ठेवलंय. बापाला गाडीत घालून नेत होते, आजी गाडीला लटकली होती आणि हेल काढून रडत होती. नंतर कितीतरी दिवस ही पोर रात्री आजीच्या कुशीत शिरून हट्ट करायची की आजी, बाबांसाठी रडतेस तसं रड ना पुन्हा. मेलेल्या माणसाची किंवा दूर जाणाऱ्याची एकेक गोष्ट आठवत, सुरात, जवळजवळ छंदात रडणं ही रशियन खेड्यातल्या बायकांची जुनी कला. आपल्याकडच्या बायकाही रडताना गेलेल्याचे गुण आणि संसारातल्या बारीकसारीक गोष्टी सुरातच सांगतात, त्यामुळं ते काय असेल याचा अंदाज मराठी माणसाला सहज येतो. पण चार-पाच वर्षांच्या मुलीनं ते पुन्हा ऐकायला मागावं, हे काही मला अजून पचत नाही. तिला दुःख नको होतं, चाल हवी होती.

बाप परतलाच नाही, बेपत्ता झाला असं धरलं गेलं. आंधळ्या आजीचा हात धरून ती दारोदार फिरायची, गायची, लोक काहीबाही द्यायचे. आजी गेल्यावर भावंडांची पांगापांग झाली. साराटोव्हच्या चांगल्या अनाथालयात शेतकऱ्याची पोर घेत नाहीत म्हणून तिचं नावच बदललं आणि ती लिदिया रुस्लानोव्हा झाली, असं सांगतात. तिथल्या चर्चच्या गायनात ती उभी राहायची आणि 'अनाथ मुलीचं' गाणं ऐकायला शहरातून लोक यायचे.

त्याच चर्चच्या पायऱ्यांवर एक लंगडा सैनिक भीक मागत बसायचा. तो तिचा बाप. युद्धातून जिवंत परतला होता, पण एक पाय गमावून. त्याला मुलगी ओळखू येत होती आणि मुलीला तो. तरी दोघं एकमेकांना ओळख दाखवत नसत, कारण बाप जिवंत आहे हे कळलं असतं तर अनाथालयानं तिला बाहेर काढलं असतं. घरी दुसरी बायको होती, तिला ही मुलं नको होती. थोड्याच वर्षांत तो थंडीनं आजारी पडून गेला.

एखाद्या कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर जरा अतीच झालं असं आपण म्हटलं असतं. पण पुढच्या हिऱ्यांच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवावं लागतं. या मुलीला खोटं नाव, खोटं अनाथपण आणि गळा, एवढ्याच भांडवलावर जगायचं होतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम. तिथं तिचं गाणं ऐकून साराटोव्हच्या संगीत विद्यालयातल्या एका प्राध्यापकानं तिला शिकवायला घेतलं. काही काळ शिकून तिनं आपणच ठरवलं की आपल्याला ऑपेरातली गायिका व्हायचं नाही. पहिल्या महायुद्धात ती जखमींना नेणाऱ्या दवाखाना-रेल्वेत परिचारिका होती. लहान वयात लग्न झालं, मूल झालं, नवरा मूल घेऊन दुसरीबरोबर निघून गेला. नंतर यादवी युद्ध, त्यातही सैनिकांपुढं गाणं, दुसरं लग्न. १९२३ मध्ये डॉन नदीवरच्या रोस्तोव्हमध्ये व्यावसायिक गायिका म्हणून ती पहिल्यांदा रंगमंचावर आली. १९२९ मध्ये तिसरं लग्न झालं ते मिखाईल गारकावीशी. हा धिप्पाड, हजरजबाबी निवेदक, आणि तिच्या कार्यक्रमांचा बाजार कसा मांडायचा हे त्याला पक्कं कळत होतं. ग्रामोफोनच्या तबकड्या निघू लागल्या, रेडिओवर आवाज घुमू लागला, आणि १९३० च्या दशकात ती देशातल्या सगळ्यात लोकप्रिय गायिकांपैकी एक झाली.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. 'स्तेप दा स्तेप क्रुगोम' हे गाणं तिच्या आवाजात मिळालं तर ऐका. चहूकडं नुसतं गवताळ माळरान, हिवाळा, आणि त्यात गोठून मरणारा एक गाडीवान. तो सोबत्याला निरोप सांगतोय. घोडे बापाला दे, आईला नमस्कार सांग, बायकोला अंगठी दे आणि म्हणावं, दुसरं लग्न कर. गोष्ट एवढीच. दुसरे गायक हे गाणं म्हणताना दुःख दाखवतात. रुस्लानोव्हा ते दाखवत नाही. आवाज छातीतून येतो, भरदार, थोडा खरखरीत, आणि शब्द अगदी स्वच्छ, घरातल्या कोणाला काम सांगावं तसे. बायकोच्या निरोपापर्यंत आल्यावरसुद्धा ती सूर पातळ करत नाही. ओळीच्या शेवटी मात्र आवाज क्षणभर घसरून पुन्हा सावरतो, आणि तिथं ती आजी ऐकू येते, गाडीला लटकलेली. मी हे गाणं शब्दही कळत नव्हते तेव्हापासून ऐकतोय, आणि अर्थ कळल्यावर त्यात फार काही भर पडली असं वाटत नाही.

याच्या उलट 'वालेन्की'. वालेन्की म्हणजे लोकरीच्या नमद्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट, रशियन खेड्यातलं थंडीतलं रोजचं पायताण. गाण्यातले बूट जुने झालेत, तळ लावलेला नाही, आणि गाणारी आपल्या प्रियकराकडं थंडीत अनवाणी निघाली आहे. चाल जिप्सी वळणाची, ठसकेबाज. अकॉर्डियन, टाळी, भुवया उडवणं, मध्येच एखादी हाळी. चित्रणात बघितलं तर कळतं की ती फार हलत नाही. उभी असते भक्कम, आणि सगळा नाच चेहऱ्यावर आणि खांद्यांत. शेवटी कमरेतून वाकून नमस्कार, अगदी जुन्या रितीचा.

१९३९-४० च्या फिनलंडच्या युद्धात ती आघाडीवर गेली आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत २८ दिवसांत १०० हून जास्त कार्यक्रम केले. मग २२ जून १९४१ ला जर्मनीचा हल्ला झाला आणि त्याच उन्हाळ्यात कलावंतांचे जथे आघाडीकडं निघाले. त्यातल्या पहिल्या काहींत रुस्लानोव्हा होती. येल्न्याच्या बाजूला जंगलातल्या मोकळ्या जागेत कार्यक्रम, वर विमानं. रंगमंच म्हणजे ट्रकचा मागचा भाग, फळ्या खाली सोडलेल्या. कपडे बदलायचे कुठंतरी तंबूत नाहीतर झाडामागं, पण बदलायचेच. गणवेश घालून ती कधी गायली नाही म्हणतात. समोर सैनिक बर्फात बसलेले असोत की खंदकात, ती नक्षीदार वेश, रुमाल, मणी असा सगळा साज करूनच उभी राहायची. मला यात हट्टापेक्षा धंद्याची समज दिसते. महिनोन् महिने एकच मळकट रंग बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना आधी रंग हवा असतो, गाणं नंतर. युद्ध संपेपर्यंत तिचे आघाडीवरचे कार्यक्रम ११०० च्या वर गेले.

त्या काळातल्या इतर गायिकांशी तुलना केली की तिचं वेगळेपण कळतं. क्लावदिया शुल्झेंको वेढ्यातल्या लेनिनग्राडात गात होती, तिची गाणी युद्धाची, विरहाची, निळ्या रुमालाची, शहरी. रुस्लानोव्हाच्या पोतडीतली बहुतेक गाणी शंभर वर्षं जुनी. त्यांत ना जर्मन, ना रणगाडे, ना स्टालिन. फेरीवाला आणि पोरगी, मुरोमच्या वाटेवर भेटलेला बेइमान, वादळात होडीतला सूड. त्याच वर्षांत इकडं मुंबईच्या कामगार वस्तीत अण्णाभाऊ साठे यांचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा' गाजत होता. म्हणजे हजारो मैलांवरच्या माणसानं त्या युद्धाचा पोवाडा रचला, आणि प्रत्यक्ष युद्धातली गायिका जुन्या बुटांचं गाणं म्हणत होती. दोन्ही बरोबरच. पोवाडा लढाई न पाहिलेल्यांसाठी असतो. जो सकाळी लढाईतून आलाय आणि संध्याकाळी परत जाणार आहे, त्याला लढाईचं वर्णन कशाला ऐकवायचं? त्याला घरचं काहीतरी हवं असतं, आणि त्याच्या घरी थंडीत खरोखरच जुने वालेन्की दाराशी पडलेले असतात.

'कात्यूशा' मात्र तिच्याकडं होतं. ब्लांतर यांची ही चाल नवीन असताना तिनं ती तालमीत ऐकली, पाठ केली आणि संगीतकाराला न विचारता गाऊन मोकळी झाली, असा किस्सा आहे. पुढं त्याच नावानं सैनिक ट्रकवरून डागायच्या रॉकेटांना ओळखू लागले, आणि १९४२ मध्ये रुस्लानोव्हानं स्वतःच्या कमाईतून अशा कात्यूशांच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे तोफखान्याच्या तुकड्या, सैन्याला घेऊन दिल्या. सैनिक म्हणे त्यांना 'लिदूशा' म्हणायचे. त्याच वर्षी तिला रशियन प्रजासत्ताकाची 'सन्मानित कलावंत' ही पदवी मिळाली. त्याच वर्षी आघाडीवर जनरल व्लादिमीर क्रुकोव्ह भेटला. दुसऱ्या गार्ड्स घोडदळ कोअरचा सेनापती, पुढं बर्लिन जिंकणाऱ्या मार्शल झुकोव्हचा जुना सोबती, बायको वारलेली, एक लहान मुलगी. भेट मे महिन्यातली, लग्न जुलैतलं. गारकावीनं मोठ्या मनानं वाट मोकळी केली आणि नंतरही मित्र राहिला. त्या आईविना मुलीला रुस्लानोव्हानं आपल्या पोटच्यासारखं वाढवलं.

बर्लिनच्या त्या प्रसिद्ध दिवसानंतर काही महिन्यांनी झुकोव्हनं तिला 'देशभक्तीचं महायुद्ध' हे पहिल्या श्रेणीचं ऑर्डर दिलं. तिथूनच घसरण सुरू झाली, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. युद्ध संपलं आणि झुकोव्हची लोकप्रियता स्टालिनला सलू लागली. १९४६ मध्ये त्याला ओडेसाला धाडलं. १९४७ च्या जूनमध्ये पक्षानं ठराव करून ते पदक बेकायदा ठरवलं, म्हणजे मार्शलला असा सन्मान परस्पर द्यायचा अधिकारच नव्हता म्हणे. मग झुकोव्हच्या माणसांना एकेक करून उचलायला सुरुवात झाली. १८ सप्टेंबर १९४८ ला क्रुकोव्ह पकडला गेला आणि २७ सप्टेंबरला, दौऱ्यावर असताना कझानमध्ये, रुस्लानोव्हा. क्रुकोव्हला मारहाण करून विचारलं जात होतं झुकोव्हबद्दल. गायिका हाताशी लागलेलं आणखी एक टोक.

आणि इथं ती यादी येते. 'लुटीचं प्रकरण' असं त्याला नाव पडलं. आता यात सगळंच कुभांड होतं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. क्रुकोव्हनं जर्मनीतून मोटारी, गालिचे, फर असं पुष्कळ आणलं होतं. बऱ्याच जनरलांनी आणलं होतं, पकडले गेले ते चुकीच्या मार्शलचे जनरल. रुस्लानोव्हाचं म्हणणं वेगळं होतं. हिरे आणि चित्रं आपल्या पैशांतून, वर्षानुवर्षं घेतलेली आहेत, आणि कमाई गाण्याची आहे, हे ती सांगत राहिली. यावर चौकशी अधिकाऱ्यांचा रोख असा की लोक युद्धात हाल काढत असताना तू दागिने कसले जमवत होतीस? प्रश्न विचारणाऱ्यांची लायकी काही असो, प्रश्न वाईट नाही. युद्धाच्या वर्षांत हिरे विकायला कोण काढत असेल? ज्याच्या घरात पाव नाही तोच. ती काय भावानं, कोणाकडून घेत होती हे मी सांगू शकत नाही, पण या विचारानं जी अस्वस्थता येते ती मला झटकावीशीही वाटत नाही.

तरी तिच्या बाजूनं बघितलं तर ती पेटी मला पूर्ण समजते. या बाईनं झारचे रुबल रद्दी झालेले पाहिले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नोटांच्या गठ्ठ्यात काडेपेटी येत नव्हती ते दिवस पाहिले. आणि अटकेच्या जेमतेम वर्षभर आधी, डिसेंबर १९४७ मध्ये, सोव्हिएत सरकारनं चलन बदललं तेव्हा घरातल्या रोख १० रुबलांचा १ रुबल झाला. अशा देशात लहानपणी भीक मागितलेली बाई पैसे आल्यावर काय करेल? आपल्याकडं अडीनडीला म्हणून बायका सोनं का करतात हे कुठल्याही मराठी घरात विचारा. तिनं तेच केलं, फक्त तिच्या कमाईच्या मापानं. आणि चित्रांचं म्हणाल तर ती नुसती गुंतवणूक नव्हती. शाळा धड न झालेल्या या बाईनं रशियन चित्रकारांचा असा संग्रह जमवला होता की अनेक गावांच्या संग्रहालयांकडं तो नसेल. दोन तोफखान्यांचे पैसे देणारी आणि दागिन्यांची पेटी लपवणारी बाई एकच आहे, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडं पैसा तिचा, निर्णय तिचा.

खटल्यात सोव्हिएतविरोधी प्रचाराचं कलमही लावलं होतं, ते तर त्या काळी मिठासारखं सगळ्यात पडायचं. शिक्षा १० वर्षं. तबकड्या दुकानांतून गेल्या, रेडिओवरून नाव गेलं. ज्या आवाजानं चार वर्षं आघाडी जागवली तो एका सहीनं बंद झाला. आधी सैबेरियात ताइशेतजवळच्या ओझेरलागच्या छावणीत, मग १९५० मध्ये व्लादिमीरच्या कुप्रसिद्ध तुरुंगात. तिथं तिच्या कोठडीत होती सिनेनटी झोया फ्योदोरोव्हा, अमेरिकी नौदलाच्या अधिकाऱ्यावर प्रेम केल्याबद्दल आत आलेली. देशातली सगळ्यात लाडकी गायिका आणि एक लाडकी नटी एका कोठडीत, म्हणजे बाहेर रिकामं झालेलं रंगमंच आत भरलं म्हणायचं. क्रुकोव्हला १९५१ मध्ये २५ वर्षं ठोठावली. त्याच वर्षी ही सगळी धाड घालणारा सुरक्षामंत्री अबाकुमोव्ह स्वतः पकडला गेला, पुढं १९५४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्या व्यवस्थेत जातं असं सगळ्यांनाच दळायचं.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन मेला. जुलैच्या शेवटी दोघांची निर्दोष मुक्तता झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ती मॉस्कोत परतली. घर गेलेलं. काही दिवस हॉटेलात काढले. ५ सप्टेंबरला चायकोव्स्की सभागृहात कार्यक्रम, म्हणजे सुटकेनंतर जेमतेम महिन्यानं. पाच वर्षांच्या तुरुंगानंतर गळा कसा असेल, अंगात ताकद किती असेल, याचा विचार मी करतो तेव्हा मला त्यात शौर्यापेक्षा साधा हिशोब जास्त दिसतो. घर नाही, दागिने नाहीत, नवऱ्याची तब्येत मोडलेली, मुलगी वाढवायची. उरलं काय? लहानपणी होतं तेच, गळा. ती उठली आणि कामाला लागली. चित्रं शोधून शोधून परत मिळवायच्या मागंही लागली, आणि त्यातली बरीच मिळवली.

क्रुकोव्ह १९५९ मध्ये गेला. वर्षभर तिनं गाणं थांबवलं, मग पुन्हा दौरे. १९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियात गेले तेव्हा ती गातच होती. भेट झाल्याचं कुठं वाचलेलं नाही, पण झाली असती तर दुभाष्याची अडचण फार वेळ टिकली नसती असं वाटतं. शासनानं मात्र १९४२ च्या त्या पदवीवर एकही पायरी चढवली नाही. तिच्यापेक्षा कितीतरी लहान गळे 'जनकलावंत' झाले, ती शेवटपर्यंत 'सन्मानित'च राहिली. माफी देणारे लोकसुद्धा पूर्ण माफ करत नाहीत.

ऑगस्ट १९७३ मध्ये, ७२ व्या वर्षी, ती रोस्तोव्हला गायला गेली. पन्नास वर्षांपूर्वी व्यवसायाला सुरुवात केली तेच गाव. कार्यक्रम स्टेडियममध्ये होता आणि तिला उघड्या मोटारीतून लोकांपुढून फिरवायचं ठरलं होतं. एका फेरीवर लोक ऐकेनात, त्यांना आणखी एकदा बघायची होती, तेव्हा गाडी पुन्हा फिरवावी लागली. पुढच्या महिन्यात, २१ सप्टेंबरला, ती मॉस्कोत वारली. नोवोदेविची दफनभूमीत क्रुकोव्हच्या शेजारी तिला पुरलं.